रिपोर्टवरचं नाव : डॉ. शिगा आणि औषधांना न जुमानणारे जंतू

एरवी आपण इथे फोनची बॅटरी का फुगते, क्यूआर कोड कसा वाचला जातो, असल्या गोष्टी उलगडून बघतो. आजची गोष्ट एका माणसाची आहे. पण ती माझ्यापर्यंत आली व्हॉट्सअॅपवरच्या एका पीडीएफमधून, म्हणून इथेच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात ट्रेकहून परतताना टपरीवर भजी खाल्ली, पाणीही तिथलंच प्यायलो. दोन दिवसांनी पोटात असा मुरडा आला की सरळ उभं राहता येईना. ताप, आव आणि मग रक्त. डॉक्टरकडे जायचा कंटाळा केला. जवळच्या मेडिकलवाल्याला लक्षणं सांगितली आणि त्याने चिठ्ठीबिठ्ठी न मागता एक स्ट्रिप हातात ठेवली. दोन दिवस गोळ्या घेतल्या, जरा बरं वाटलं, म्हणून उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. चौथ्या दिवशी परत तेच, आणि आधीपेक्षा वाईट. शेवटी डॉक्टरांनी शौचाचा नमुना कल्चरला पाठवला.

रिपोर्टची पीडीएफ आली ती मी सलाइन लावलेल्या हाताने उघडली. वर जंतूचं नाव होतं, शिगेला फ्लेक्सनेरी. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. माझ्या यादीत आर, आर, आर, आर अशी रांग लागली होती. मी घेतलेली गोळी त्या रांगेतच होती. शेवटी ज्या एका औषधापुढे एस होतं, ते इंजेक्शनमधून सुरू झालं आणि मी बरा झालो. पडल्यापडल्या दुसरं काय करणार, ‘शिगेला’ सर्च केलं. मला वाटलं होतं लॅटिन शब्द असेल. निघालं एका माणसाचं आडनाव.

कियोशी शिगा. जन्म १८७१, गाव उत्तर जपानमधलं सेंदाई. जन्माने ते सातो घराण्यातले, लहानपणचं नाव नाओकिची. जपानमध्ये तेव्हा मेइजी राजवट नुकतीच आली होती. जुनी सरंजामी व्यवस्था मोडली आणि तिच्यावर पोट असलेल्या अनेक घरांची ओढाताण सुरू झाली. शिगांचं घर त्यातलंच एक. आईच्या माहेरच्यांनी मुलाला दत्तक घेतलं आणि त्यांचं शिगा हे आडनाव त्याला मिळालं. आज जगभरच्या लॅबमध्ये रोज छापलं जाणारं हे नाव खरं तर आजोळचं आहे!

किशोरवयात ते टोकियोला आले, मेडिकलला गेले आणि १८९६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले. दवाखाना थाटला नाही. शिबासाबुरो कितासातो यांच्या संसर्गजन्य रोग संस्थेत दाखल झाले. हे कितासातो म्हणजे मोठं प्रस्थ. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली शिकलेले, आणि १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. त्याच साथीने पुढे १८९६ मध्ये मुंबई गाठली. १८९७ म्हटलं की आपल्याला पुण्यातला प्लेग, रँड आणि चापेकर बंधू आठवतात. जपानमध्ये ते वर्ष वेगळ्या साथीसाठी लक्षात राहिलं. त्या साथीला ते ‘सेकिरी’ म्हणत, अर्थ लाल जुलाब. आपल्याकडे जिला रक्ती आव म्हणतात, तीच. सहा महिन्यांत ९०,००० हून जास्त लोक आजारी पडले आणि साधारण पाचातला एक दगावला.

कितासातोंनी हे काम नव्या कोऱ्या डॉक्टरवर सोपवलं. शिगा तेव्हा २६ वर्षांचे होते.

आता अडचण काय होती बघा. रक्तात एखादा जंतू सापडला तर तो गुन्हेगार, हे सोपं, कारण रक्तात एरवी जंतू नसतात. पण शौचाच्या एका थेंबात जंतूंची जत्रा असते. त्यात ई. कोलाय नावाचा एक जंतू निरोगी माणसाच्याही आतड्यात सुखाने राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो आमांशाच्या जंतूसारखाच, सरळ काडीसारखा दिसतो. शंभर जणांच्या ग्रुप फोटोत चोर कोण, हे चेहऱ्यावरून कसं ओळखणार?

शिगांनी उलटा रस्ता धरला. जंतूला विचारण्याऐवजी पेशंटच्या रक्ताला विचारलं. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. त्या रक्ताचं सीरम जंतूंच्या पाण्यात मिसळलं आणि जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर समजायचं की शरीराची आणि याची ओळख आहे. ही युक्ती पॅरिसच्या विडाल यांनी आदल्याच वर्षी टायफॉइडसाठी वापरली होती. हो, तीच ‘विडाल टेस्ट’, जी ताप लांबला की आपल्या गल्लीतली लॅब करते. शिगांनी ३६ पेशंट तपासले. नमुन्यांतून एकेक जंतू वेगळा वाढवला, पेशंटच्या सीरमशी गाठ घालून दिली, आणि एक काडी पुन्हा पुन्हा गुठळ्या करत सापडत गेली. निरोगी लोकांच्या सीरमला ती तशी दाद देईना. सापडला!

निबंध १८९७ मध्येच जपानी भाषेत छापून आला आणि पुढच्या वर्षी जर्मनमध्ये. त्यावर नाव एकट्या शिगांचं. काम कितासातोंच्या संस्थेत, त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेलं, तरी त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये फक्त पीपीटी उघडून देणाऱ्याचंही नाव पहिल्या पानावर असतं, हे आठवलं की कितासातोंबद्दलचा आदर वाढतो.

मग लस. शिगांनी उष्णतेने मारलेले जंतू टोचायचं ठरवलं आणि पहिली सुई स्वतःला मारून घेतली. (आपल्या मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली तीही १८९७ मध्येच. त्या पिढीला हे वेड होतं.) शिगांचा दंड असा सुजला की गळू झालं, चिरा देऊन पू काढावा लागला. पुढे त्यांनी सीरम मिसळून सौम्य लस बनवली, हजारो लोकांना दिली, पण आजार होणं काही थांबलं नाही. जंतू मारला तरी त्यात काहीतरी विषारी उरतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या विषाला पुढे ‘शिगा टॉक्सिन’ म्हणू लागले.

श्रेयाचं भांडणही झालंच. १९०० मध्ये जर्मनीत क्रूझे यांनी तोच जंतू शोधला आणि बरीच वर्षं पुस्तकांत ‘शिगा-क्रूझे’ असं जोडनाव चाललं. त्याच सुमारास अमेरिकेचे फ्लेक्सनर यांना फिलिपिन्समध्ये त्याचा जवळचा भाऊ सापडला. माझ्या रिपोर्टमधला फ्लेक्सनेरी तो. शेवटी सगळ्या कुटुंबाचं नाव शिगेला ठरलं, आणि १९३० च्या बर्जी मॅन्युअलमध्ये, म्हणजे जंतूंच्या अधिकृत डिरेक्टरीत म्हणा ना, ते दाखल झालं.

रंगाचं औषध

१९०१ मध्ये शिगा जर्मनीला, फ्रँकफर्टला गेले. तिथे पॉल एर्लिख एका भन्नाट कल्पनेमागे लागले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी जंतूंना रंग देतात, तेव्हा काही रंग जंतूलाच धरतात, आजूबाजूच्या पेशींना सोडून देतात. मग असा रंग का शोधू नये, जो जंतूला धरेल आणि मारूनही टाकेल? शेकडो रंग एकामागून एक उंदरांवर तपासायचे, हे कष्टाचं काम शिगांकडे आलं. १९०४ मध्ये एक लाल रंग लागू पडला. ट्रिपॅन रेड. घोड्यांना होणाऱ्या एका रोगाचा परजीवी उंदरांत सोडला होता, आणि त्या रंगाने उंदीर बरे झाले. माणसाने कारखान्यात बनवलेल्या रसायनाने प्राण्याच्या अंगातला संसर्ग बरा होण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

हे औषध बाजारात फार चाललं नाही. त्याच जातीच्या इतर परजीवींवर त्याचा धड परिणाम होईना. पण वाट दिसली. त्याच वाटेवर १९३५ मध्ये जर्मनीत प्रोन्टोसिल हा आणखी एक लाल रंग औषध म्हणून आला आणि त्यातून सल्फा औषधं निघाली. शिगा जपानला परतल्यावर थोड्याच काळात एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत दुसरीही एक गोष्ट दिसली होती. औषध थोडं थोडं देत राहिलं की परजीवी त्याला सरावतात आणि पुढे मरतच नाहीत. औषधाला दाद न देणं ही भानगड अँटिबायोटिकपेक्षाही जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा नीट नोंदवली गेली ती याच प्रयोगशाळेत.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १९१४ मध्ये सरकारने कितासातोंची संस्था परस्पर शिक्षण खात्याकडे वळवली, गुरू राजीनामा देऊन बाहेर पडले, शिगाही त्यांच्यामागून गेले आणि नवी कितासातो संस्था उभी राहिली. १९२० मध्ये काही काळ केइओ विद्यापीठात प्राध्यापक (हे नाव लक्षात ठेवा). मग कोरियात, आजच्या सेऊलला. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती. तिथलं सरकारी हॉस्पिटल आणि पुढे विद्यापीठाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. वसाहतीच्या राज्यकर्त्यांची ही नोकरी होती, आणि त्यांच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत ती एका ओळीत आटपतात, हे मला खटकलं. मधेच १९२४ च्या सुमारास त्यांनी पॅरिसहून बीसीजीचा जंतू जपानला आणला. तुमच्या-माझ्या दंडावर लहानपणीचा जो वण आहे, त्याच लसीचा.

१९३१ मध्ये ते टोकियोला परतले. १९४४ मध्ये देशाचा मोठा सन्मान, ऑर्डर ऑफ कल्चर, मिळाला. त्याच वर्षी पत्नी कॅन्सरने गेली. एक मुलगा समुद्रात वादळात गेला, दुसरा क्षयाने. ज्या रोगाची लस बापाने देशात आणली, त्याच रोगाने. १९४५ च्या बॉम्बवर्षावात टोकियोतलं घर जळालं आणि म्हातारा माणूस सेंदाईकडे परतला. १९४९ मध्ये प्रसिद्ध फोटोग्राफर केन दोमोन यांनी तिथे त्यांचा फोटो काढला. गुगल इमेजेसवर मिळतो, जरूर बघा. सुरकुतलेला शांत चेहरा, गोल चष्मा आणि त्या चष्म्याला केलेली घरगुती डागडुजी. त्यांच्या नावाचे जंतू तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवले जात होते. २५ जानेवारी १९५७ रोजी शिगा वारले.

त्यांच्यामागे त्यांच्या जंतूचं काय झालं?

युद्धानंतर जपानमध्ये आमांश फोफावला होता. सल्फा औषधं आली आणि रोग झपाट्याने उतरला. थोडीच वर्षं. १९४९ नंतर तो परत वाढला आणि तपासलं तर बहुतेक शिगेलांवर सल्फा चालेनासं झालेलं. हरकत नाही, तोवर नवी औषधं हाताशी होती : स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. मग १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी बाईच्या नमुन्यात जो शिगेला निघाला, तो या चारही औषधांना दाद देईना. पुढच्या दोन-तीन वर्षांत असे जंतू ठिकठिकाणच्या साथींत सापडू लागले.

डॉक्टर चक्रावले, कारण हिशोब लागत नव्हता. समजा, एका औषधातून वाचवणारा बदल एक कोटी जंतूंमागे एकात आपोआप होतो. चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत एकदम व्हायचे तर एकावर २८ शून्यं इतक्यांत एक. असे जंतू आठवड्या-आठवड्याला कसे सापडतील? दुसरं कोडं याहून विचित्र. काही पेशंटना औषध एकच दिलेलं असायचं, पण त्यांच्या पोटातले जंतू चारही औषधांना पुरून उरायचे. आणि तिसरं, अशा पेशंटच्या आतड्यातला तो गरीब ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद देत नव्हता.

तोमोइचिरो आकिबा यांना शंका आली की ई. कोलाय हे गुण शिगेलाला देत असावा. १९५९ मध्ये त्यांच्या गटाने आणि कुनितारो ओचिआई यांच्या गटाने आपापल्या लॅबमध्ये जवळपास सारखाच प्रयोग केला. औषधाला न जुमानणारा ई. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला एकाच नळीत, एकाच रश्शात वाढवायचे. मग ते मिश्रण औषध घातलेल्या थाळीवर पसरायचं. कोण कुठला हे ओळखणं अवघड नाही : ई. कोलाय दुधातली साखर खातो, शिगेला खात नाही, त्यामुळे खास थाळीवर एकाचे ठिपके लाल येतात, दुसऱ्याचे बिनरंगी. थाळीवर बिनरंगी ठिपके उगवले. काही तासांपूर्वी ज्या शिगेलाला चारही औषधं मारत होती, तो आता चारही पचवून बसला होता. ई. कोलाय गाळून काढून नुसतं पाणी दिलं तर मात्र काही होत नव्हतं. म्हणजे दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श हवा होता.

हे काय होतं, ते फोनच्या भाषेत सांगतो. जंतूचा मुख्य डीएनए म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, ती फक्त आईकडून लेकीला मिळते. पण अनेक जंतूंत डीएनएची एक वेगळी छोटी रिंग असते. तिला प्लास्मिड म्हणतात. हे नाव १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी दिलं. प्लास्मिड म्हणजे मेमरी कार्ड समजा, पण असं कार्ड की जे स्वतःची कॉपी स्वतः काढतं. शेजारचा जंतू भेटला की एक बारीक नळी पुढे होते, दोघं जवळ ओढले जातात आणि कॉपी पलीकडे जाते. देणाऱ्याकडचं कमी होत नाही, जसा फोटो पाठवला तरी तुमच्या गॅलरीत राहतोच. आणि समोरचा फोन दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतं!

त्या जपानी कार्डात एकाच फोल्डरमध्ये चार फाइल होत्या. एक क्लोरॅम्फेनिकॉलला रासायनिक शेपूट चिकटवून निकामी करणारी. एक स्ट्रेप्टोमायसिनचं तसंच काही करणारी. एक टेट्रासायक्लिन आत आलं की पंपाने बाहेर फेकणारी. आणि चौथी, सल्फा ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या जागी सल्फाला न अडकणारं पर्यायी एन्झाइम बनवणारी. म्हणून एकच औषध दिलं तरी चारही सवयी टिकायच्या. फोल्डर अख्खाच फॉरवर्ड होत होता. (सगळीच प्रतिकारशक्ती अशी येत नाही हं. काही जंतूच्या मुख्य डीएनएतल्या साध्या बदलांनीही येते.)

हे निबंध जपानी भाषेत होते, त्यामुळे बाहेरच्या जगाला पत्ता लागायला वेळ लागला. तो पोहोचवला त्सुतोमु वातानाबे यांनी. १९६३ मध्ये त्यांनी इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला आणि पाश्चात्त्य डॉक्टर खडबडून जागे झाले. वातानाबे कुठे शिकवत होते? केइओ विद्यापीठात. जिथे चाळीसेक वर्षांपूर्वी शिगा प्राध्यापक होते.

ही नुसती लॅबमधली गंमत राहिली नाही. १९६९ मध्ये मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात शिगांचा मूळचा जंतू, म्हणजे १८९७ मधला तोच प्रकार, साथ होऊन आला, आणि त्या चार औषधांना दाद न देणारा होऊन आला. सुरुवातीला डॉक्टरांना तो अमीबाचा आमांश वाटला आणि उपचार चुकले. १,१२,००० च्या आसपास लोक आजारी पडले, ८,००० हून जास्त मेले. १९८४ मध्ये तोच प्रकार पश्चिम बंगालमध्ये आला, पुन्हा अनेक औषधं निकामी करून. या जंतूचे १० ते १०० कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. एवढे कण न धुतलेल्या हाताच्या एका बोटावर सहज मावतात.

आणि एक गोष्ट वाचून मी रिपोर्ट परत उघडला. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आमांशाने मेलेल्या एका ब्रिटिश सैनिकाचा जंतू इंग्लंडच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे. २०१४ मध्ये त्याचा संपूर्ण डीएनए वाचला गेला. तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडायला तेव्हा १३ वर्षं बाकी होती. त्या जंतूची जात होती शिगेला फ्लेक्सनेरी.

पीडीएफ अजून माझ्या डाउनलोड्समध्ये आहे. इंजेक्शन संपल्यावर डॉक्टरांना विचारलं, पोटातला शिगेला तर गेला, पण त्याने त्याचं कार्ड माझ्या ई. कोलायला दिलं असेल तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, असू शकतं, तपासलेलं नाही. ड्रॉवरमधली उरलेली स्ट्रिप त्यांनी घेऊन यायला सांगितली होती. सहा गोळ्या होत्या.